आधी साल, मग रणगाडा: ऑनलाइन गेममध्ये सेंच्युरियन कसा उतरवायचा

दिवसा मी आर्किटेक्ट लोकांना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देते आणि रात्री टँक बनवते. आमचा चारपाच जणांचा एक छोटा ऑनलाइन गेम आहे, गोडो इंजिनवर चालणारा. दोन बाजू, एक मैदान, दोन्हीकडे टँक. नवीन पोरं येतात तेव्हा त्यांचा पहिला मेसेज ठरलेला असतो: "ताई, मी टायगर बनवू का?" म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टँक. बनव की, नको कोण म्हणतंय. पण टायगरची तयार मॉडेल्स ढिगाने पडली आहेत. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात खेमकरणला लढलेला आपला सेंच्युरियन मात्र नीट केलेला क्वचितच दिसतो. म्हणून तोच उदाहरणाला घेते. ब्लेंडर तुम्हाला थोडंफार येतं असं धरून चाललेय.

सगळ्यात आधी साल ठरवा. टँकचं नुसतं नाव ठरवून काही होत नाही. "मी सेंच्युरियन करतोय" म्हणजे काय? सेंच्युरियन हा ब्रिटिश टँक दुसऱ्या महायुद्धाच्या अगदी शेवटी तयार झाला आणि पुढे कित्येक देशांच्या सैन्यांत कित्येक दशकं राबला. मधल्या काळात त्याची तोफ बदलली, चिलखत बदललं, पेट्रोलची टाकी बदलली. सुरुवातीला १७-पाउंडर, मग २०-पाउंडर म्हणजे ८४ मिमी, मग १०५ मिमी. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तरला आपल्या थर्ड कॅव्हलरीकडे जे होते ते मार्क ७, २०-पाउंडरवाले. तारीख लिहिली की तोफ ठरली, तोफ ठरली की गोळे ठरले, गोळे ठरले की समोरच्याशी होणारा अर्धा सामना ठरला.

समोरच्याचंही तसंच. पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन टँक होते, पण नुसतं "पॅटन" म्हणून फोल्डर उघडू नका. एम-४७ आणि एम-४८ ह्या दोन वेगळ्या गाड्या आहेत आणि त्यांच्याकडे दोन्ही होत्या. एम-४७ मध्ये माणसं पाच, कारण पुढे ड्रायव्हरच्या शेजारी मशीनगनवाला बसतो. एम-४८ मध्ये चार, आणि ड्रायव्हर बरोबर मध्यभागी. एम-४८ चं पुढचं अंग एकसंध ओतीव, होडीच्या नाकासारखं गोलसर. हे दोन्ही एकाच फाइलमध्ये "थोडा बदल करून" निघत नाहीत.

म्हणून फोल्डरच्या नावातच साल घाला. सेंच्युरियन, मार्क ७, १९६५, भारत. पुढे कुणी येऊन म्हणालं की ह्याला १०५ ची तोफ द्या ना, तर नवीन फोल्डर, नवीन गाडी. जुन्या फाइलला हात लावायचा नाही.

मापं

नगरकरांना इथे एक फायदा आहे आणि तो पुरेपूर घ्यावा. सोलापूर रस्त्यावरचं कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून उघडं आहे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, रिक्षावाल्याला मात्र "टँक म्युझियम" म्हटलं की पुरतं. सेंच्युरियन, पॅटन, एएमएक्स-१३, पीटी-७६, विजयंता सगळे उघड्यावर उभे आहेत, हात लांबवला तर लागतील इतके जवळ. फोटो आणि टेपबद्दल गेटवर आधी विचारा. लष्कराची जागा आहे, नियम बदलतात, आणि विचारून केलेल्या कामाला जवानसुद्धा मदत करतात.

फोटो काढताना ढगाळ दिवस निवडा. उन्हात लोखंड चमकतं आणि सावल्या इतक्या काळ्या पडतात की चाकांच्या मागचं काही दिसत नाही. गाडीभोवती एक फेरी कंबरेच्या उंचीवरून, एक हात वर करून, आणि प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. असे फोटो मेशरूम ह्या फोटोंवरून थ्रीडी आकार काढणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकले की एक ओबडधोबड थ्रीडी ढेकूळ तयार होतं. ते गेममध्ये वापरायचं नसतं. ब्लेंडरमध्ये खाली ठेवून त्याच्यावर गिरवायचं असतं. ढेकळाचा आकार बरोबर असतो, पण माप नसतं. माप देण्यासाठी एकच खात्रीची गोष्ट लागते. सेंच्युरियनच्या ट्रॅकची रुंदी २४ इंच, म्हणजे ६१० मिमी. ती जुळवली की बाकीचं आपोआप जुळतं. गाडीची एकूण रुंदी ३.३९ मीटरच्या आसपास आली तर समजा काम झालं.

आता म्युझियममधल्या गाडीवर किती विश्वास ठेवायचा? लोखंडावर ठेवा, रंगावर ठेवू नका. वर्षानुवर्षं रंगाचे थर चढलेले असतात, झाकणं वेल्डिंग करून बंद केलेली असतात, दिवे, हत्यारांच्या पेट्या, बादल्या गायब असतात. आणि तोफ नीट बघा. २०-पाउंडरच्या पहिल्या प्रकारच्या नळीला मध्ये काही नसतं, सरळ नळी. दुसऱ्या प्रकाराला मध्यावर धूर ओढून घेणारा फुगीर डबा असतो आणि तो नळीभोवती सगळीकडून सारखा बसतो. १०५ च्या नळीलाही असाच डबा असतो, पण तो एका बाजूला कललेला, केंद्र सोडून. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. तोफेच्या बरोबर समोर उभं राहून नळीच्या तोंडाकडून एक फोटो काढा, म्हणजे घरी गेल्यावर वाद उरत नाही.

मॉडेल

हा भाग सगळ्यांना आवडतो, म्हणून मी ह्यावर कमी बोलणार आहे. ब्लेंडरचं एकक मीटर ठेवा. स्केल अप्लाय केल्याशिवाय एक्सपोर्ट करू नका. जवळून दिसणाऱ्या मॉडेलला आम्ही ३० हजार त्रिकोणांची मर्यादा घातली आहे. लांबून दिसणारी हलकी रूपं गोडो इम्पोर्ट करताना स्वतःच बनवतं.

महत्त्वाचं आहे ते भागांचं नातं. हल म्हणजे टँकचं खालचं धड हा बाप, त्याच्या खाली टरेट म्हणजे वरचा फिरता भाग, टरेटखाली तोफेचा ढालीसारखा पुढचा भाग, त्याच्याखाली नळी. टरेटचा ओरिजिन त्याच्या कड्याच्या केंद्रावर, तोफेचा ओरिजिन ज्या आडव्या दांड्यावर ती वरखाली होते तिथे. नळी वेगळी का? कारण गोळा सुटल्यावर ती एकटी मागे सरकते. ती ढालीसकट मागे गेली तर सगळी तोफ खेळण्यातली वाटते.

चाकं प्रत्येक बाजूला सहा, दोन-दोनच्या जोडीत, अशा तीन जोड्या. ह्या जोड्यांना हॉर्स्टमन सस्पेन्शन म्हणतात. एका जोडीतली दोन चाकं एकमेकांवर अवलंबून हलतात, म्हणून सहा सुट्या स्प्रिंगा लावू नका. पॅटनची चाकं स्वतंत्र टॉर्शन बारवर, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या दांड्यांवर आहेत. खड्ड्यातून जाताना दोघांची चाल वेगळी दिसायला हवी आणि एवढ्या एका गोष्टीने ती दिसते. ट्रॅकचा प्रत्येक दुवा हलवायची गरज नाही. पट्ट्याचा एक मेश आणि त्यावर सरकणारं टेक्श्चर पुरतं. फक्त सरकण्याचा वेग चाकाच्या घेरावरून काढा, अंदाजाने नको, नाहीतर गाडी बर्फावर घसरल्यासारखी दिसते.

चिलखत

खरी गाडी इथे बनते. दिसणारं मॉडेल आणि गोळा झेलणारं मॉडेल ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुसरं मॉडेल खेळणाऱ्याला कधीच दिसत नाही, पण तक्रारी सगळ्या त्याच्याच येतात.

दिसणारं मॉडेल लपवा आणि त्याच्यावर सपाट पत्रे बसवायला लागा. पुढचा वरचा पत्रा, पुढचा खालचा, डावी बाजू, उजवी बाजू, मागची, छत, तळ. प्रत्येक पत्रा वेगळा ऑब्जेक्ट, आणि जाडी त्याच्या नावातच. "समोर-वर-७६", "बाजू-डावी-५१" असं. इम्पोर्टच्या वेळी एक छोटी स्क्रिप्ट नावातला आकडा वाचून जाडी भरते. वेगळा तक्ता ठेवलात की महिनाभरात तक्ता एक बोलतो आणि मॉडेल दुसरंच.

टरेट ओतीव आहे, त्याची जाडी जागोजागी बदलते. तिथे एकच आकडा लिहू नका. पुढचा भाग १५२, मग गालाचे तुकडे, मग मागचा भाग. वक्र भागाचे चारपाच सपाट तुकडे केले तरी खेळात फरक जाणवत नाही. तुकडे बहिर्वक्र असायला हवेत, कारण हलणाऱ्या वस्तूवर आत वळलेला कोलिजन आकार गोडोला चालत नाही. आणि ब्लेंडरमधला फेस ओरिएंटेशन चालू करून बघा, बाहेरून एकही पत्रा लाल दिसता कामा नये. एखादा लाल असेल तर त्या पत्र्याची दिशा आत आहे आणि पुढचं सगळं गणित उलटं होणार.

हे गणित असं. पत्रा उभा असेल तर ७६ मिमी म्हणजे ७६. पण सेंच्युरियनचा पुढचा पत्रा उभ्या रेषेपासून सुमारे ५७ अंश मागे कललेला आहे. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला तो तिरका कापावा लागतो, म्हणजे ७६ भागिले कोसाइन ५७. उत्तर १४० मिमीच्या जवळ. आता ड्रायव्हरने गाडी ३० अंश फिरवून उभी केली तर तोच पत्रा १६१ होतो. एम-४८ चा पुढचा भाग ११० मिमी आणि ६० अंश, म्हणजे बरोबर दुप्पट, २२०. हे तुम्ही स्वतः मांडत बसायचं नाही. गोळ्याची दिशा आणि पत्र्याचा नॉर्मल, म्हणजे पत्र्यातून काटकोनात बाहेर निघणारी दिशा, ह्यांचा डॉट प्रॉडक्ट घेतला की कोसाइन हातात येतो, मग गाडी चढावर असो, उतारावर असो की तिरकी असो. बांधावर चढलेल्या टँकचा तळ दिसतो आणि तो पातळ असतो हेसुद्धा आपोआप खेळात येतं. मला ह्या एका ओळीच्या कोडवर अजूनही प्रेम आहे.

पण कोसाइनवर थांबलात तर त्या काळच्या गोळ्यांना फार सोपं जाईल. २०-पाउंडरचा मुख्य गोळा म्हणजे एपीडीएस. आत टंगस्टन कार्बाइडचा बारीक गाभा, बाहेर हलकं कवच, आणि कवच नळीतून बाहेर पडताच गळून पडतं. उभ्या पत्र्यावर हा गोळा जबरदस्त, फार तिरक्या पत्र्यावर गाभा तुटतो किंवा निसटतो. म्हणून कोन वाढेल तसा जास्तीचा गुणक लावा. ३० अंशांपर्यंत काही नाही, ५० नंतर वाढता, ६० च्या पुढे चांगलाच. हा गुणक गोळ्याच्या जातीला जोडा, टँकला नाही. हीट गोळ्याला, म्हणजे वेगाने नाही तर स्फोटाने भोक पाडणाऱ्या गोळ्याला, तो लावायचाच नाही.

भेदनाचे आकडे गोळा करताना प्रत्येक आकड्यासोबत तीन गोष्टी लिहा: अंतर, कोन आणि कुणाची चाचणी. ब्रिटिश तक्ते यार्डांत असतात. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर. अमेरिकन तक्त्यांत पत्रा बऱ्याचदा ३० अंश कललेला असतो. हे न बघता दोन आकडे शेजारी ठेवले तर एका बाजूवर सरळसरळ अन्याय होतो. मधल्या अंतराचा आकडा हवा असेल तर द मारचं जुनं सूत्र वापरा. त्यात भेदन वेगाच्या १.४३ व्या घातात बदलतं. गोळ्याचा वेग १० टक्के घटला तर भेदन साधारण १४ टक्के घटतं. हीट गोळा स्फोटातल्या धातूच्या झोताने भोक पाडतो, त्याला अंतराचं सोयरसुतक नाही, जवळ काय आणि लांब काय.

ह्यावरून आठवलं, जीपवर बसवलेली १०६ मिमीची रिकॉइललेस गन. फोर ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला हिच्यानेच पॅटन टिपले आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळवलं. जीपला चिलखत नाही, म्हणजे वरचं सगळं गणित फुकट आणि गाडी एका संध्याकाळी तयार होते. नवशिक्याला मी टायगरऐवजी हीच देते.

पत्रा फुटला की आत काय आहे? हे करायचा बहुतेकांना कंटाळा येतो आणि मग प्रत्येक गोळ्याने "हेल्थ" कमी होते. तसं करायचं असेल तर मग चिलखताचा एवढा खटाटोप कशाला? आत साधे ठोकळे ठेवा. सेंच्युरियनचा ड्रायव्हर पुढे उजवीकडे बसतो आणि त्याच्या डाव्या हाताला गोळ्यांचा साठा. टरेटमध्ये गनर उजवीकडे पुढे, कमांडर त्याच्या मागे, लोडर डावीकडे. मागे इंजिन. गोळा आत शिरला की त्याच्या दिशेने शंकूच्या आकारात काही किरण सोडा, ज्या ठोकळ्याला लागतील तो निकामी. समोरून बघणाऱ्याच्या हिशेबाने सेंच्युरियनच्या हलची उजवी बाजू म्हणजे गोळ्यांचा साठा. दोनचार दिवसांत खेळणारी पोरं हे शिकतात आणि नेमकं तिथेच मारायला लागतात. तेव्हा समजावं की मॉडेल बरोबर आहे.

गोडोमधली एक खुबी सांगून ठेवते. पत्र्यांसाठी आम्ही एरिया थ्रीडी वापरतो, म्हणजे धडक ओळखणारी पण कुणाला न अडवणारी जागा, वेगळ्या लेयरवर. किरण सोडताना एरियाला धडकण्याची परवानगी मुळात बंद असते. ती चालू करा, नाहीतर सगळे गोळे टँकमधून भुतासारखे आरपार जातील. आणि किरण पहिल्या धडकेला थांबतो, म्हणून बाजूच्या ६ मिमीच्या पातळ झालरीतून आत जायचं तर लागलेला पत्रा वगळण्याच्या यादीत घालून तिथूनच पुन्हा किरण सोडावा लागतो.

गोळा आणि सर्व्हर

२०-पाउंडरचा एपीडीएस नळीतून सुमारे १४६५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. गोडोचं फिजिक्स सेकंदाला ६० वेळा चालतं. म्हणजे एका ठोक्यात गोळा २४ मीटर पुढे. टँक तीन-साडेतीन मीटर रुंद. गोळा एक वस्तू म्हणून सोडलात तर एका ठोक्याला तो टँकच्या अलीकडे असेल आणि पुढच्या ठोक्याला पलीकडे, मध्ये टँक होता हे इंजिनला कळणारच नाही. म्हणून प्रत्येक ठोक्याला मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेघ ओढा आणि ती कशाला लागते ते बघा. गोळ्याला स्वतःचं शरीर नकोच.

गुरुत्वाकर्षण विसरू नका. हजार मीटर जायला ह्या गोळ्याला पाऊण सेकंदाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सव्वादोन मीटर खाली येतो. टँक तीन मीटर उंच, तेव्हा अंतराचा अंदाज चुकला तर नेम चुकलाच. आणि ४० किलोमीटरच्या वेगाने आडवा पळणारा पॅटन तेवढ्या वेळात आपल्या अख्ख्या लांबीएवढा पुढे सरकलेला असतो.

लागला की नाही हे सर्व्हरनेच ठरवायचं. खेळणाऱ्याच्या मशीनवरून फक्त एवढंच यायला हवं: ट्रिगर दाबला, नेम इकडे होता, वेळ अमुक. "मी मारला" असं मशीनने सांगायचं आणि सर्व्हरने मानायचं, असं ठेवलंत तर पहिल्या आठवड्यात कुणीतरी टोपीतून ससा काढून दाखवेल. लॅगचा प्रश्न उरतोच. ८० मिलिसेकंदांत पॅटन जवळजवळ एक मीटर हलतो. म्हणून सर्व्हरने सगळ्या गाड्यांच्या मागच्या सेकंदभराच्या जागा लक्षात ठेवाव्यात आणि गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी जे दिसत होतं तिथे घड्याळ मागे नेऊन रेघ तपासावी. फार मागे नेऊ देऊ नका. आम्ही एक मर्यादा घातली आहे, त्यापलीकडचं नेट ज्याचं त्याने सुधारावं. गावाकडून मोबाइलवर खेळणारा आणि पुण्यात फायबरवर खेळणारा ह्यांच्यात थोडा फरक राहणारच.

चालवताना

सेंच्युरियनचं मीटिअर इंजिन ६५० अश्वशक्तीचं आणि वजन ५१ टनांच्या आसपास. टनाला तेरा अश्वशक्तीसुद्धा नाही. पॅटनकडे ८१० अश्वशक्ती आणि वजन ४५ टन, म्हणजे टनाला १८. सेंच्युरियन सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरच्या आत राहतो, एम-४८ चाळिशी ओलांडतो. त्यात सेंच्युरियनचे गिअर हाताने बदलायचे, आणि बदलताना ताकद तुटते. पॅटन ऑटोमॅटिक, आणि एम-४८ च्या ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग. म्हणून सेंच्युरियनच्या वेगाच्या आलेखात गिअरच्या जागी छोटे खळगे ठेवा. चढावर ते खळगे अंगावर येतात, आणि यायलाच हवेत.

मग सेंच्युरियन घ्यायचा कुणी? तोफेसाठी घ्यायचा. त्याच्या तोफेला दोन्ही दिशांना स्टॅबिलायझर, म्हणजे हलत्या गाडीतही तोफ स्थिर ठेवणारी यंत्रणा आहे, पॅटनला नाही. चालत्या गाडीतून सेंच्युरियनचा नेम बऱ्यापैकी टिकतो, पॅटनचा वर्तुळभर नाचतो. उलट पॅटनकडे दोन डोळ्यांनी बघायचा स्टिरिओस्कोपिक रेंजफाइंडर. वापरायला किचकट, पण अंतर देतो. सेंच्युरियनच्या गनरने अंतर डोळ्यांनी जोखायचं. आमच्या गेममध्ये पॅटनवाल्याला थांबून, एक चक्र फिरवून अंतर मिळतं. सेंच्युरियनवाल्याला नुसत्या खुणा दिसतात. ही खरी गाडीची खोड आहे आणि समतोलही तिनेच साधतो.

समतोलाबद्दल माझा हट्ट आहे. जिंकण्याहरण्याचं प्रमाण बिघडलं की कुणीतरी म्हणतं, "ताई, पॅटनचं चिलखत वीस मिमी वाढव." नाही वाढवणार. आकडे इतिहासाचे आहेत, ते तसेच राहतील. हात लावायचा तर संख्येला लावा, मैदानाला लावा, कुठली गाडी कुठल्या सामन्यात येते त्याला लावा. फार तर लोडरच्या हाताच्या वेगाला, कारण तो माणूस आहे आणि माणसं कमीजास्त असतातच.

ऊस

असल उत्तरचं मैदान करायचं तर ऊस लागतो. ८ ते १० सप्टेंबरच्या त्या लढाईत आपले टँक घोड्याच्या नालेच्या आकारात उसाच्या आड दबा धरून होते आणि शेतांत पाणी सोडलेलं होतं. पॅटन आत आले आणि चिखलात रुतले. ऊस आमच्या जिल्ह्याला नवा नाही, तेव्हा मॉडेल करताना पाचट कुठे सुकतं आणि सऱ्या किती अंतरावर असतात हे मला कुणाला विचारावं लागलं नाही.

पण इथे एक मोठा घोळ होतो. गवत, पिकं ही इंजिन फक्त जवळची दाखवतं, लांबची गाळतं. ज्याने ग्राफिक्स कमी ठेवलेत त्याला ऊस दिसतच नाही, दिसतो तो उघड्यावर उभा असलेला सेंच्युरियन. म्हणजे दबा धरणाराच फसतो. उपाय एकच: कोण कुणाला दिसतं हे सर्व्हरवर ठरवा. सर्व्हरवर प्रत्येक शेत म्हणजे एक उंच ठोकळा. बघणाऱ्याच्या डोळ्यापासून टँकच्या काही ठरावीक बिंदूंपर्यंत रेघा ओढा, ठोकळ्यातून किती मीटर जातात ते मोजा, ठरवलेल्या हद्दीपेक्षा जास्त असतील तर त्या टँकची जागा त्या खेळाडूला पाठवूच नका. जे मशीनपर्यंत पोहोचलंच नाही ते चोरून बघणाऱ्या प्रोग्रामलाही दिसत नाही. गोळी झाडली की मात्र काही सेकंद सगळ्यांना दिसू द्या. २०-पाउंडरचा जाळ आणि धूर उसात लपत नाही. चिखलासाठी जमिनीच्या प्रत्येक प्रकाराला रोधाचा आकडा द्या. ओल्या शेतात वळताना रोध जास्त लावा, कारण गाडी रुतते ती बहुतेक वळतानाच.

नावं आणि कागदपत्रं

रंगकामात पोरांचा उत्साह उतू जातो. रेजिमेंटची चिन्हं, गाड्यांची नावं. १९७१ मध्ये बसंतरला पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनवर लढले त्याचं नाव "फामागुस्टा". तो टँक नगरच्या आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवला आहे. त्या नावाची स्किन आमच्या गेममध्ये नाही. कुणीतरी ती घेऊन चिखलात उड्या मारणार, हरला की शिव्या घालणार. मला नाही पटत. नावं काल्पनिक ठेवा, नंबर काल्पनिक ठेवा, रंग आणि धूळ खरी ठेवा.

दुसरं जास्त गंभीर आहे. नगरला निम्म्या ओळखीच्या घरात कुणीतरी फौजेत असतं. "माझ्या काकाकडे मॅन्युअल आहे" हे वाक्य ऐकलं की मी तिथेच थांबवते. २०२१ मध्ये एका मोठ्या टँक गेमच्या खेळाडूने, मॉडेल चुकीचं आहे हे सिद्ध करायला, ब्रिटिश चॅलेंजर २ च्या मॅन्युअलची पानं टाकली होती आणि जगभर बोभाटा झाला. आपल्याकडे १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहे. सेवेत असलेल्या गाडीला हातच लावायचा नाही हा आमचा नियम. अर्जुन नको, भीष्म नको. निवृत्त, म्युझियममध्ये उभी असलेली आणि पुस्तकांत छापून आलेली गाडी घ्या. काकांना मॅन्युअल मागू नका, गाडीत बसल्यावर कुठे डोकं आपटायचं ते विचारा. ते त्यांना तोंडपाठ असतं.

चाचणी

मॉडेल तयार झालं म्हणून लगेच सगळ्यांना देऊ नका. आधी रिकाम्या मैदानात गाडी उभी करा आणि १२ दिशांनी, तीन अंतरांवरून सर्व्हरला स्वतःच गोळे मारू द्या. प्रत्येक गोळ्याची नोंद घ्या: कुठला पत्रा, किती कोन, किती जाडी, आत काय लागलं. ज्या नोंदीत पत्र्याचं नावच नाही तिथे दोन पत्र्यांमध्ये फट आहे. टरेट आणि हलच्या मधल्या कड्यापाशी ही फट हमखास सापडते, कारण टरेट फिरल्यावरच ती उघडते. म्हणून हीच चाचणी टरेट ४५ अंश फिरवून पुन्हा घ्या. मग माणसांना द्या, आणि प्रत्येकाला मेल्यावर गोळ्याचा मार्ग दाखवा. "मला कसा मारला" ह्याचं उत्तर चित्रात मिळालं की निम्मी भांडणं मिटतात.

सेंच्युरियन जमला की लगेच एएमएक्स-१३ च्या मागे लागू नका. एट्थ लाइट कॅव्हलरीकडे त्याच लढाईत तो होता, छोटा आहे, हलका आहे, म्हणून सोपा वाटतो. पण त्याच्या टरेटचे दोन भाग आहेत आणि तोफ वरखाली करायची तर वरचा अख्खा भाग झुलतो. म्हणजे वर सांगितलेलं भागांचं नातं तिथे चालत नाही. तोफेचा ओरिजिन काढून टाका, टरेटचा वरचा तुकडा वेगळा करा, त्याचा ओरिजिन दोन्ही बाजूंच्या खुंट्यांवर ठेवा, आणि चिलखताचे पत्रेही त्या तुकड्याला जोडा. गोळे मागच्या दोन ड्रममध्ये सहा-सहा. बारा झाले की गाडी मागे नेऊन, माणूस बाहेर काढून भरायचे. ह्या भरण्याला किती वेळ द्यायचा ह्यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.